बुटाच्या खोक्यातली बेसबॉल कार्डं: जुनी छपाई, जुने रंग

चेरीहिलकर | शनिवार, रात्री ११:४०

मागच्या शनिवारी आमच्या गल्लीच्या टोकाला एका शेजाऱ्याचा गराज सेल होता. मी गेलो होतो शिडी बघायला. शिडी माझ्याआधीच कोणीतरी उचलली होती. हात हलवत परत कशाला जायचं, म्हणून बुटाचं एक खोकं घेऊन आलो. दहा डॉलर. झाकणावर मार्करने '७५' एवढंच लिहिलेलं. आत बेसबॉलची कार्डं, रबरबँड लावून गठ्ठे केलेली. रबरबँड सुकून तडकलेले आणि वरच्या-खालच्या कार्डांना चिकटून बसलेले.

आधीच सांगतो, मला बेसबॉल कळत नाही. न्यू जर्सीत येऊन १९ वर्षं झाली. ऑफिसच्या लोकांबरोबर फिलाडेल्फियाला दोनदा मॅचला गेलो, दोन्ही वेळा लक्ष खाण्यावर. त्यामुळे कार्डावर कोण आहे याचं मला काहीच नव्हतं. पण रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर पहिला गठ्ठा सोडला आणि उठलो तेव्हा एक वाजून गेला होता.

हा 'टॉप्स' कंपनीचा १९७५चा संच. कार्ड अडीच इंच बाय साडेतीन इंच. प्रत्येक कार्डाची किनार दोन रंगांची, वरची अर्धी एका रंगाची आणि खालची अर्धी दुसऱ्या. रंगांच्या जोड्या अशा की शहाणा माणूस लावणार नाही: हिरव्याला जांभळा, नारिंगीला तपकिरी, पिवळ्याला लाल. वर संघाचं नाव ठसठशीत अक्षरांत. फोटोवर खेळाडूची छापील सही. खाली उजव्या कोपऱ्यात चिमुकला बेसबॉल काढलाय आणि त्याच्या पोटात खेळाडूची जागा लिहिलीय. मागे करड्या पुठ्ठ्यावर आकडे, एक प्रश्न आणि त्याचं व्यंगचित्र.

एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, कार्डावर तर खेळाडूपेक्षा त्याच्या मागचं बघत बसलो. तारेचं कुंपण, पलीकडे उभी केलेली एक लांबलचक गाडी, आणि कोपऱ्यात अर्धा कापला गेलेला एक माणूस, सँडविच खाताना. पन्नास वर्षं तो ते सँडविच खातोय.

खोक्यात साधारण चारशे कार्डं आहेत. बहुतेक एकेकच, पण फिलाडेल्फियाच्या फिलीज संघातल्या माईक श्मिटची तीन आहेत. तीन 'चेकलिस्ट' कार्डंही आहेत, म्हणजे नंबर आणि नावांची यादी, शेजारी रिकामा चौकोन. त्यावर कोणीतरी निळ्या बॉलपेनने बरोबरच्या खुणा केल्यात. सगळ्यांचे फोटो खाली टाकलेत.

विकायची नाहीत. इथे अजून कोणाला हा नाद आहे का? कार्ड बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, ते सांगा.

जुईली | रविवार, पहाटे ५:५८

फोटो बघून थेट चौथीत गेले. आम्ही बिग फनच्या बबलगमसाठी पैसे जमवायचो ते गमसाठी नाहीच, आतल्या क्रिकेटपटूंच्या चित्रांसाठी. माझ्याकडे एकाच खेळाडूची सात-आठ झाली होती आणि कपिल काही येईना. शेवटी वर्गातल्या एकीला नवंकोरं सुगंधी खोडरबर देऊन कपिल घेतला. आईला अजून माहीत नाही.

तुमच्या कार्डांबरोबर पण गम यायचा का?

चेरीहिलकर | रविवार, सकाळी ६:३०

यायचा. गुलाबी, चपटा, पत्र्यासारखा कडक तुकडा, वर पावडर. वेष्टन मेणकागदाचं. गम ज्या कार्डाला टेकून असायचा त्याच्यावर डाग पडायचा, आणि वेष्टन गरम करून चिकटवायचे म्हणून मेणही लागायचं. माझ्याकडच्या दोन कार्डांवर तसा तेलकट चौकोन आहे. काल हुंगून बघितलं. गमचा वास राहिलेला नाही, तळघराचा मात्र आहे. बायकोने हुंगताना बघितलं. विषय सोडा.

नफातोटा | रविवार, सकाळी ८:१०

काका, हुंगत काय बसलात, किंमत बघा! १९५२च्या टॉप्सचं मिकी मँटल, नंबर ३११, ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलंय लिलावात. ७५च्या संचात एवढं मोठं काही नाही, पण नंबर २२८ बघा. जॉर्ज ब्रेट, त्याचं पहिलं कार्ड. आणि २२३ रॉबिन याउंट, त्याचंही पहिलंच. दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेले. आधी हे दोन शोधा, मग सँडविच.

चेरीहिलकर | रविवार, सकाळी ९:०५

शोधले. याउंट आहे, गठ्ठ्यात सगळ्यात वर होता, म्हणजे रबरबँडचा वळ बरोबर त्याच्या पोटावर. ब्रेट नाही.

नफातोटा | रविवार, सकाळी ९:०७

परत शोधा.

छापखाना | रविवार, सकाळी १०:२०

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण सांगलीत तीस वर्षं ऑफसेट मशीनवर काढली. त्यामुळे फोटो मोठे करकरून बघितले आणि बोलल्याशिवाय राहवेना.

मागची करडी बाजू बघा. आमच्याकडे याला ग्रे बॅक म्हणतात, मिठाईच्या खोक्याला वापरतात तो. आत रद्दीचा लगदा आणि पुढच्या बाजूला पांढरा थर. म्हणून कोपरा घासला की पापुद्रा सुटतो आणि पांढरं डोकावतं. किनार पांढरी असेल तर ते लपून जातं. इथे किनारीला कडेपर्यंत गडद रंग दिलाय, त्यामुळे झीज लगेच डोळ्यात भरते. ज्याने हे डिझाइन केलं त्याने कार्ड पोरांच्या खिशात जाणार याचा विचार केलेला नाही. किंवा केला आणि म्हणाला, जाऊ दे, दिसतंय भारी.

आता भिंग घ्या, दहा पटीचं. ती नारिंगी किनार नारिंगी नाहीच. पिवळ्यावर मॅजेंटाचे ठिपके आहेत. गवताचा हिरवा म्हणजे निळा आणि पिवळा. शाया चारच, बाकी सगळी डोळ्याची फसवणूक. तुमच्या चौथ्या फोटोतल्या कार्डात फोटोच्या कडेने लालसर रेघ बाहेर आलीय, दिसतेय का? ते रजिस्टर हललंय. एक रंग केसभर सरकून बसला. त्या माणसाच्या ओठांचा रंग दातांवर गेलाय. आमच्याकडे लग्नपत्रिकेत गणपतीचं असं झालं की गिऱ्हाईक अख्खा गठ्ठा तोंडावर मारायचं.

आणि कटिंग. दुसऱ्या फोटोत एका बाजूची किनार जाड, दुसरीकडे नखाएवढी. शीट सुरीखाली एक-दोन मिलिमीटर सरकलं की हे होतं. एक विचारतो, पूर्ण संचात किती कार्डं? चेकलिस्टच्या फोटोत '१३३ ते २६४' असं दिसतंय, म्हणजे एका यादीत १३२. माझा अंदाज, शीटच १३२ कार्डांचं असणार.

डावरा | रविवार, दुपारी १२:४५

छापखाना काका, साष्टांग. संच ६६० चा, म्हणजे १३२ गुणिले पाच. आणि टॉप्सच्या शीटची मांडणी खरंच १३२ ची होती. पुढे संच ७९२ चा झाला, तोही १३२ गुणिले सहा. मी बॉस्टनला असतो, बारा वर्षं ही कार्डं जमवतोय, पण पुठ्ठा बघून हे सांगणारा माणूस पहिल्यांदा भेटला.

चेरीहिलकर, काय बघायचं विचारलंत ना? मी चुका बघतो.

१९५७ मध्ये हँक आरनच्या कार्डाची निगेटिव्ह उलटी लागली. जन्मभर उजव्या हाताने खेळलेला माणूस कार्डावर डावखुरा. जर्सीवरचा ४४ हा नंबर उलटा दिसतो, तरी छापून बाहेर. १९६९ मध्ये ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर रॉड्रिगेझ नाहीच, संघाच्या बॅटा सांभाळणाऱ्या पोराचा फोटो आहे. फोटोग्राफरला कोणी सांगितलं नाही, पोरानेही सांगितलं नाही.

काही चुका तर खेळाडूंनीच मुद्दाम केलेल्या. लू बर्डेट उजव्या हाताचा पिचर, १९५९च्या कार्डासाठी डावखुऱ्याचा आव आणून उभा राहिला. वर कंपनीने त्याच्या नावाचं स्पेलिंगही चुकवलं. १९६५ मध्ये बॉब युकरने तेच केलं, उजव्या हाताचा बॅटर डावखुरा होऊन उभा.

माझं सगळ्यात आवडतं मात्र १९७७चं रेजी जॅक्सन. आदल्या वर्षी तो बाल्टिमोरला होता, मग न्यू यॉर्क यांकीजनी घेतला. नव्या वेशातला फोटो कुठून आणणार? म्हणून रंगाऱ्याला बसवून जुन्या फोटोवर यांकीजचं हेल्मेट रंगवलं. जवळून बघितलं तर भिंतीला ऑइलपेंट मारल्यासारखं दिसतं. फोटोशॉप नव्हतं, एअरब्रश होता आणि मुदत जवळ आलेली होती. त्या काळात कंपनीचे लोक खेळाडूंचे टोपी काढूनही फोटो घेऊन ठेवत, संघ बदलला तर पंचाईत नको म्हणून.

उगाच | रविवार, दुपारी २:३०

सगळं ठीक, पण हे शेवटी पोरांना च्युइंगम विकायचं साधनच ना? त्याच्याआधी सिगारेटी विकायचं. आता त्याचीच 'कला' म्हणून आरती. पन्नास वर्षांनी तुमची पोरं चिप्सच्या पुड्यातले टाझो काचेत लावतील.

(हलके घ्या.)

जुईली | रविवार, दुपारी २:४१

माझ्याकडे टाझोंचा डबा आहे. हलकं घेतलेलं नाही.

डावरा | रविवार, दुपारी ३:२०

उगाच, सिगारेटीचं खरंच आहे. १९०९ ते १९११ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीने पाकिटांतून जी कार्डं दिली त्यांना टी-२०६ म्हणतात. पाकीट दबून सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठा लागायचाच, त्यावर चित्र छापलं. दीड इंचही रुंद नाही, जेमतेम काडेपेटीएवढं. वर खेळाडू, मागे पीडमाँट, स्वीट कॅपोरल अशा ब्रँडची जाहिरात. त्यातलं होनस वॅग्नरचं कार्ड लवकर थांबवलं गेलं म्हणून दुर्मिळ. कोणी म्हणतं त्याला पोरांना तंबाखूकडे ओढायचं नव्हतं, कोणी म्हणतं पैसे मिळाले नाहीत. २०२२ मध्ये त्यातलं एक साडेबाहत्तर लाख डॉलरला विकलं गेलं.

पण किमतीसाठी सांगत नाहीये. टी-२०६ हे नाव ज्याने दिलं तो जेफरसन बर्डिक, सिराक्यूसचा साधा कारखान्यातला नोकरदार. संधिवाताने बोटं वळलेली. त्याने अमेरिकेतली सगळ्या प्रकारची छापील कार्डं जमवली, त्यांना नंबर पाडले, आणि तीन लाखांवर नग न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले. त्यात तीस हजारांवर बेसबॉलची. स्वतः म्युझियममध्ये बसून वर्षानुवर्षं ती अल्बममध्ये लावत होता. १९६३च्या जानेवारीत काम संपवलं, मार्चमध्ये गेला.

आणि लावत होता म्हणजे कशी? चिकटवत होता. गोंदाने! आज कार्डाला बोट लागलं तर किंचाळणारे लोक आहेत, आणि या नादाचा मूळपुरुष वॅग्नरला गोंद लावून मोकळा. तो पैशासाठी करत नव्हता, उगाचराव.

नफातोटा | रविवार, दुपारी ३:२६

गोंद ऐकून छातीत कळ आली.

छापखाना | रविवार, सायंकाळी ५:००

डावरांनी दिलेल्या दुव्यावर ती टी-२०६ बघितली. अहो, ही तर आपल्या रविवर्मा प्रेसच्या चित्रांची भावंडं! तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वती दगडावरून छापलेली, एकेका रंगाला वेगळा दगड, त्यावर जर्मन कारागीर बसून ठिपके देणार. ही कार्डं त्याच घराण्यातल्या छपाईची. न्यू यॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीने छापलीत असं दिसतंय. मागचं आकाश बघा, सपाट नारिंगी, नाहीतर पिवळ्यातून हिरव्यात उतरत गेलेलं. फोटोत असं आकाश नसतं. ते दगडावर बसलेल्या माणसाचं आकाश आहे.

आमच्या आजोळी देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. तिच्या गालावर भिंग धरलं की असेच गुलाबी कण दिसायचे. आजी ओरडायची, देवीला काय भिंगातून बघतोस मेल्या.

उगाच | रविवार, सायंकाळी ५:३२

शब्द मागे घेतो. अर्धे.

सोनचिडी | रविवार, रात्री ९:१५

वाचत होते, आता राहवत नाही म्हणून लिहिते. ठेवायची कशी ते कोणीच सांगितलं नाहीये, आणि यात माझे हात पोळलेत. मी काही कार्डं फोटोंच्या जुन्या अल्बममध्ये ठेवली होती, मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पानांचा. ते पीव्हीसी निघालं. चार उन्हाळ्यांनी पानं कार्डांना चिकटली, काढताना शाई प्लॅस्टिकवर आणि पांढरा पुठ्ठा हातात. पॉलिप्रोपिलीनची पातळ पाकिटं मिळतात, शंभराची गड्डी स्वस्त असते, ती घ्या. रबरबँड आजच्या आज काढा. चिकटलेला ओढू नका, तुकडे आपोआप सुटतील तेवढेच सोडा, बाकी राहू दे.

दुसरा फटका ऑनलाइन बसला. एका विक्रेत्याकडून १९७१चं कार्ड घेतलं. त्या वर्षीची किनार काळी कुळकुळीत, कडा इतक्या चटकन झिजतात की कोरं मिळणं मुश्कील. माझं मात्र अगदी कोरं. तेव्हाच कळायला हवं होतं. भिंगाखाली धरलं तर नावाची अक्षरंसुद्धा ठिपक्यांची. कोणीतरी स्कॅन करून छापलेलं. पैसे गेले ते गेले.

छापखाना | रविवार, रात्री ९:४०

सोनचिडीताई, बरोबर पकडलंत. खऱ्या छपाईत अक्षरं लाइनवर्क असतात, काळी शाई सलग बसते आणि कडा धारदार. स्कॅन केलं की अक्षर आणि फोटो यांत फरक उरत नाही, सगळ्याचेच ठिपके. नोटा ओळखायलाही आम्ही आधी अक्षरंच बघायचो.

चेरीहिलकर | सोमवार, रात्री १०:३०

रबरबँड काढले, पाकिटं मागवली, भिंगही मागवलं. बायको म्हणाली, दहा डॉलरच्या खोक्यापायी साठ डॉलर झाले. हिशोब बरोबर आहे.

एक गंमत सापडली. १८९ ते २१२ नंबरची कार्डं वेगळीच आहेत. १९५१ ते १९७४ पर्यंत अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमधले त्या-त्या वर्षाचे सर्वोत्तम खेळाडू, आणि त्यांचा फोटो म्हणून त्यांचं जुनं कार्डच छापलंय. म्हणजे कार्डात कार्ड. १९७५ मध्येच या लोकांना जुन्याची हौस सुटली होती! नखाएवढ्या जागेत पन्नासच्या दशकातली नक्षी दिसते. मग ते मूळ संच शोधत बसलो. १९५५चा बोमन कंपनीचा संच बघितलात का कोणी? अख्खं कार्ड म्हणजे लाकडी टीव्ही, आणि खेळाडू त्याच्या पडद्यावर. घरोघरी नुकते टीव्ही येत होते. आपल्याकडे टीव्हीला शटर असायचं आणि वर क्रोशाचा रुमाल, ते आठवलं.

डावरा | सोमवार, रात्री ११:१०

त्या कार्डांत अजून एक गंमत. १९६२चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू मॉरी विल्स. त्या वर्षी टॉप्सने त्याचं कार्ड काढलेलंच नव्हतं. मग १९७५ मध्ये काय छापणार? त्यांनी १९६२च्या ढंगात एक नवं कार्ड बनवलं आणि जुनं म्हणून छापलं. म्हणजे कधी नसलेल्या वस्तूची प्रतिकृती.

आणि १९५२चा मूळ संच, ज्यातल्या मँटलवर नफातोटा लाळ गाळतोय, तो साय बर्गर नावाच्या टॉप्सच्या माणसाने वुडी गेलमनबरोबर स्वतःच्या घरच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर पुठ्ठे कापून-चिकटवून ठरवला. त्यातला शेवटचा हप्ता उशिरा निघाला, खपला नाही, गोदामात पडून राहिला. १९६० मध्ये बर्गरने उरलेला माल पडावात भरून समुद्रात नेऊन बुडवला. मँटल त्याच हप्त्यातला.

नफातोटा | सोमवार, रात्री ११:१४

कुठल्या समुद्रात??

डावरा | सोमवार, रात्री ११:१५

न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर. चेरीहिलकरांना विचार, त्यांच्याकडे शिडी नाही, होडी असेल.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ८:५०

हल्ली जुन्या ढंगाची नवी कार्डं मिळतात ना? माझ्या भाच्याकडे बघितली, अगदी अशीच दुरंगी. मग जुन्याचा अट्टहास कशाला?

चेरीहिलकर | मंगळवार, रात्री ९:२०

ती 'हेरिटेज' मालिका. २००१ पासून निघते, सुरुवात १९५२च्या ढंगाने झाली, आणि २०२४ला बरोबर १९७५ची पाळी आली. मी त्यातलं एक पाकीट आणून शेजारी-शेजारी ठेवून बघितलं. रंग तेच, अक्षरं तीच, कोपऱ्यातला बेसबॉल तसाच. तरी काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळेना. मग भिंग धरलं. नव्यात फोटो फार चांगले आहेत. मागचं सगळं धूसर, खेळाडूच्या दाढीचा केस न् केस दिसतो. जुन्यात मागचं सगळं स्पष्ट, खेळाडू उन्हात डोळे बारीक करून उभा. नव्या कार्डात सँडविच खाणारा माणूस राहूच शकत नाही.

डावरा | मंगळवार, रात्री १०:०५

इथे मतभेद. मला हेरिटेज आवडतं. आजची बाकीची कार्डं चकचकीत, सोनेरी वर्ख, काय बघायचं तेच कळत नाही. १९८९ मध्ये अप्पर डेक कंपनीने होलोग्राम आणि चकाकीचं पाकीट आणलं, गम काढून टाकला, आणि तिथून पुठ्ठ्याची लाज वाटायला लागली सगळ्यांना. भाच्याला निदान दुरंगी किनार तरी कळली.

एक शिफारस: १९८७चं टॉप्स घ्या. लाकडाच्या रेषांची किनार, १९६२च्या संचाची आठवण म्हणून केलेली. इतकं छापलं की आजही अख्खी पेटी किरकोळ पैशांत मिळते. गुंतवणूक म्हणून शून्य, त्यामुळे पोरांच्या हातात बिनधास्त द्या.

खडूफळा | मंगळवार, रात्री १०:१२

सनमायकाच्या कपाटासारखं दिसतंय. मागवलं.

चेरीहिलकर | शनिवार, सायंकाळी ६:४५

ब्रेटचा निकाल लागला.

झालं असं, की काल छापखाना काकांच्या सांगण्यावरून चेकलिस्ट भिंगाखाली बघत होतो. १३३ ते २६४ ची यादी. २२८ समोर बरोबरची खूण आहे! निळं बॉलपेन, बाकीच्यांसारखीच. म्हणजे ब्रेट या खोक्यात होता. आज सकाळी यादी घेऊन शेजाऱ्याकडे गेलो. गृहस्थ साठीच्या जरा पुढे, त्या वर्षी अकरा वर्षांचे. यादी हातात घेतली, चष्मा वर केला आणि हसायलाच लागले. म्हणाले, तो दिला ना मी शाळेच्या बसमध्ये. एक ब्रेट देऊन दोन श्मिट घेतले.

मी म्हटलं, दोन? म्हणाले, हो, एक माझ्याकडे होता आधीच.

घरी येऊन श्मिटच्या कार्डाची मागची बाजू वाचली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. १९७४ च्या ओळीत होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, ३६. डावराला फोन केला तर तो म्हणाला, त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि फिलीज म्हणजे तुमच्या भागाचा घरचा संघ. ब्रेटच्या कार्डाच्या मागे त्याच वर्षीचे होमरन असतील २.

नफातोटा | शनिवार, सायंकाळी ६:५२

पश्चात्ताप झाला का त्यांना?

चेरीहिलकर | शनिवार, सायंकाळी ७:०३

त्यांनी मलाच विचारलं, तीनही श्मिट आहेत ना अजून खोक्यात? आहेत म्हटल्यावर एक परत मागितला. मी म्हटलं, घ्या की. तर म्हणाले, फुकट नको. आणि गराजमधून शिडी काढून दिली. दुसरी होती त्यांच्याकडे.